एनसीव्ही आणि ईएमजी तपासणीत नेमके काय होते?

अबोली_सातारा

नमस्कार. माझ्या सासूबाईंना (वय ६३) गेल्या काही महिन्यांपासून रात्री झोपेत उजव्या हाताला मुंग्या येतात. त्या उठून बसतात, हात झटकतात आणि थोड्या वेळाने त्यांना बरे वाटते. अलीकडे भाकरी थापताना आणि कपडे पिळताना जोर लागत नाही, हातातून भांडे निसटते, असेही त्या सांगू लागल्या आहेत. मधुमेह बराच जुना आहे आणि तळपायांची जळजळ त्यांना कायमचीच आहे. न्यूरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर 'एनसीव्ही, चारही हातपाय. गरज भासल्यास ईएमजी' असे लिहून दिले आहे.

शेजारच्या एका काकूंनी 'अंगात करंट सोडतात आणि वर सुया खुपसतात' असे वर्णन केल्यापासून सासूबाई तपासणीला जायला तयार नाहीत. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे किंवा ज्यांना तिची व्यावसायिक माहिती आहे, त्यांनी कृपया सांगावे की त्रास कितपत होतो, आधी काय तयारी करावी लागते आणि तपासणीनंतर नेमके उत्तर मिळते का. त्या ॲस्पिरिनची आणि थायरॉईडची गोळी रोज घेतात.

लहरलेख

अबोलीताई, मी एका रुग्णालयाच्या न्यूरो विभागात तंत्रज्ञ आहे आणि हीच तपासणी हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि शेजारच्या काकूंनी त्या एकत्र करून टाकल्या आहेत. एनसीव्हीमध्ये, म्हणजे नसेतून संकेत किती वेगाने जातो हे मोजण्याच्या तपासणीत, विजेचे छोटे झटके असतात, पण सुई सहसा नसते. ईएमजीमध्ये सुई असते, पण तिच्यातून कोणताही प्रवाह सोडला जात नाही. स्नायूत आपोआप निर्माण होणारे विद्युत संकेत ती केवळ टिपते. दोन्ही तपासण्या प्रत्येकाला लागतातच असे नाही, आणि 'गरज भासल्यास' या शब्दांचा अर्थ तोच आहे.

एनसीव्हीसाठी रुग्णाला पलंगावर निजवतात. हाताची तपासणी असेल तर अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तेथे त्वचा पुसून इलेक्ट्रोड चिकटवतात. मग दोन टोकांचे एक उपकरण मनगटावर ठेवून झटका देतात. तो साधारण ०.१ ते ०.२ मिलिसेकंद टिकतो, म्हणजे तो जाणवेपर्यंत संपलेला असतो. अंगठा आपोआप उडी मारतो आणि पडद्यावर एक लहर उमटते. प्रवाह हळूहळू वाढवत नेतात आणि लहरीची उंची वाढायची थांबली की त्याच्या किंचित वर जाऊन मोजणी पक्की करतात, कारण नसेतील सगळे तंतू उद्दीपित झाले आहेत याची खात्री त्याशिवाय होत नाही. रुग्ण ज्याची तक्रार करतात ते हे शेवटचे दोन-तीन झटके असतात. नंतर हेच कोपराजवळ करतात. दोन ठिकाणांमधील अंतर टेपने मोजून त्याला वेळेतील फरकाने भागले की वेग मिळतो. एकाच ठिकाणच्या झटक्यावरून वेग काढता येत नाही, कारण त्या वेळेत संकेत नसेतून स्नायूत उतरण्याचा वेळही मिसळलेला असतो. वजाबाकी केली की तो निघून जातो. निरोगी प्रौढांत हाताच्या नसांचा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा अधिक आणि पायांच्या नसांचा ४० मीटर किंवा अधिक असतो. (जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर हा वेग पहिल्यांदा मोजला तोवर अनेक शास्त्रज्ञांना तो मोजण्यापलीकडचा वाटत असे, हे मला आजही गमतीचे वाटते.)

संवेदनेच्या तंतूंची मोजणी वेगळी होते. बोटांत अंगठीसारखे इलेक्ट्रोड घालतात आणि झटका बराच सौम्य असतो. मात्र मिळणारा संकेत स्नायूच्या संकेतापेक्षा शेकडो पटींनी लहान, मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणून रुग्णाने हात सैल सोडणे फार महत्त्वाचे असते. भीतीने मूठ आवळून धरली की त्या स्नायूंचाच गोंगाट यंत्रात येतो, पुन्हा पुन्हा झटके द्यावे लागतात आणि तपासणी लांबते. सासूबाईंना ही एकच गोष्ट समजावलीत तरी त्यांचा अर्धा त्रास वाचेल.

दुसरे, हातपाय गार असू नयेत. त्वचेचे तापमान एका अंशाने उतरले तरी वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने कमी दिसतो, आणि मग निरोगी नसही आजारी वाटू शकते. हाताची त्वचा किमान ३२ अंश सेल्सिअस असावी, असे आम्ही पाहतो आणि नसेल तर आधी ऊब देतो. थंडीच्या दिवसांत सकाळी दुचाकीवरून येऊन कोणी लगेच वातानुकूलित खोलीत तपासणीला बसला, तर हे मुद्दाम पाहावे लागते. तुमच्या वेळी कोणीही हात लावून पाहिला नाही, तर 'हात गार आहेत' असे आपणहून सांगायला संकोच करू नये.

तयारी म्हणाल तर उपाशी राहण्याची गरज नाही. आंघोळ करून यावे, पण अंगाला तेल, क्रीम किंवा पावडर लावू नये, कारण इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. बाह्या कोपराच्या वर आणि पायाचे कपडे गुडघ्याच्या वर सरकतील असे सैल असावेत. हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या घरीच काढून ठेवाव्यात. लग्नापासून न निघालेली पाटली साबण लावून काढण्यात आमच्या विभागात पुष्कळ वेळ जातो. चारही हातपायांची एनसीव्ही पाऊण ते एक तासात होते, ईएमजी असल्यास आणखी वेळ धरावा.

पायवाट

वरील माहिती अतिशय उपयुक्त आहे. ईएमजीबद्दल रुग्णाच्या बाजूने लिहितो.

शेतात बराच वेळ उकिडवे बसून काम केल्यानंतर माझे उजवे पाऊल वर उचलले जाईना आणि चालताना चप्पल जमिनीवर घासू लागली. घरच्यांचे म्हणणे होते की कंबरेत नस दबली असणार आणि एमआरआय तातडीने करावा. डॉक्टरांनी मात्र गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोल टोकाजवळ बोटाने टकटक केली आणि तेथून पावलापर्यंत झिणझिणी गेली. तेथे ती नस त्वचेच्या अगदी खाली हाडाला लागून वळते आणि उकिडवे बसण्याने किंवा पायावर पाय टाकून बसण्याने दाबली जाऊ शकते, असे त्यांनी सांगितले.

तरीही खात्रीसाठी त्यांनी तपासणी सांगितली आणि ईएमजी सुमारे तीन आठवड्यांनी करू, असे बजावले. मला हा विलंब खटकला होता. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की नस दुखावल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूत बिघाडाच्या खुणा उमटायला दोन ते तीन आठवडे लागतात; त्याआधी सुई घातली तर स्नायू विश्रांतीत शांतच दिसतो आणि इजा किती खोल आहे ते कळत नाही.

प्रत्यक्षात सुई बारीक असते. ती आत जाताना इंजेक्शनपेक्षा कमी टोचते, पण त्यानंतर डॉक्टर ती किंचित मागेपुढे करून वेगवेगळ्या जागा ऐकतात तेव्हा आतून दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. 'ऐकतात' हे मी शब्दशः लिहितो आहे, कारण यंत्राला ध्वनिवर्धक असतो. निरोगी स्नायू विश्रांतीत शांत असतो. माझ्या नडगीच्या बाहेरच्या स्नायूत मी पाय पूर्ण सैल सोडलेला असतानाही पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप आवाज येत होता. मग 'पाऊल हळूच वर ओढा' असे सांगून त्यांनी पुन्हा ऐकले आणि काही तुरळक ठोके ऐकू आल्यावर ते म्हणाले की काही तंतू अजून जिवंत आहेत.

माझ्या मते खरी गंमत पुढेच होती. त्यांनी ज्या स्नायूंबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती अशा दोन ठिकाणी सुई घातली आणि मी कुरकुर केली. एक स्नायू पोटरीच्या आत खोलवर होता. त्याला कंबरेतील त्याच मणक्याच्या मुळातून पुरवठा होतो, पण तो दुसऱ्या नसेतून. कंबरेत दोष असता तर तोही बिघडलेला दिसला असता. दुसरा मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वर होता. त्याला माझ्या दुखावलेल्या नसेचाच फाटा जातो, पण तो गुडघ्याच्या बराच वर सुटतो. दोन्ही निरोगी निघाल्याने दोष गुडघ्याजवळच आहे, हे नक्की झाले आणि कंबरेच्या एमआरआयचा विषय तेथेच संपला. तेव्हा न दुखणाऱ्या जागी सुई का घालतात, हे आधीच विचारून घ्यावे. कारण कळले की सहन करणे सोपे जाते.

खडीसाखर

माझा अनुभव नेमका उलट आहे. दोन्ही तळपाय रात्रंदिवस जळतात, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. चारही हातपायांची एनसीव्ही केली, झटके खाल्ले, पैसे भरले आणि अहवालात काय, तर 'सर्व सामान्य मर्यादेत'. त्यानंतर घरातील मंडळी मला 'तुला काही झालेलेच नाही' असे म्हणू लागली. ज्या तपासणीत रुग्णाची वेदना दिसतच नाही, ती डॉक्टर ऊठसूट का लिहून देतात, हे कोणी सांगेल काय?

निदानवही

खडीसाखर, मी मज्जातंतुविकारांचा डॉक्टर आहे आणि आपली तक्रार रास्त आहे. ही तपासणी वेदना मोजत नाही, हे रुग्णाला आधी सांगितले जात नाही आणि तेथेच घोळ होतो.

एनसीव्हीच्या पडद्यावर जी लहर दिसते ती नसेतील जाड, वेगवान तंतूंची असते. स्पर्श, कंपन आणि स्नायूंची हालचाल ही त्यांची कामे आहेत. जळजळ, टोचणी, उष्ण आणि थंड यांची जाणीव अतिशय बारीक तंतूंमधून जाते आणि त्यांचा संकेत या यंत्रात उमटत नाही. म्हणून केवळ बारीक तंतूंचा विकार असलेल्या रुग्णाची एनसीव्ही पूर्णपणे सामान्य येऊ शकते आणि तरीही त्याचे तळपाय खरोखरच जळत असतात. अशा वेळी पायाच्या त्वचेचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील तंतूंची घनता पाहता येते. साखर, बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांच्या रक्तचाचण्या तर कराव्यातच. 'सामान्य' या शेऱ्याचा आपल्या बाबतीत अर्थ इतकाच आहे की जाड तंतू शाबूत आहेत. ही चांगली बातमी आहे. आजार नाही, असा तिचा अर्थ नव्हे. घरच्यांना हा परिच्छेद अवश्य वाचून दाखवावा.

कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या रुग्णांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. मणक्याजवळ नसेचे मूळ दबले असेल तर संवेदनेची एनसीव्ही सहसा सामान्यच येते, कारण संवेदनेच्या पेशी मणक्याच्या बाहेर असलेल्या गाठीत असतात आणि दाब त्यांच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे पेशींपासून पायापर्यंतचा तंतू सुस्थितीत राहतो. तेथे सुईची ईएमजी काही सांगू शकते, पण दुखणे आहे आणि स्नायूची ताकद शाबूत आहे अशा रुग्णात तीही पुष्कळदा काही सांगत नाही. एमआरआय रचना दाखवतो आणि ही तपासणी कार्य दाखवते. एकाच्या जागी दुसरी वापरता येत नाही.

वेळेचा मुद्दा 'पायवाट' यांनी नेमका मांडला आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) रुग्ण वाढले तेव्हा एनसीव्ही हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचला. त्या आजारातही पहिल्या आठवड्यात तपासणी जवळजवळ सामान्य येऊ शकते. पायांतील ताकद दिवसागणिक कमी होत असेल आणि गुडघ्याचे प्रतिक्षेप गेले असतील, तर सामान्य अहवालावर विसंबून कोणी रुग्णाला घरी पाठवू नये; उपचार रुग्णाकडे पाहून सुरू करतात आणि तपासणी नंतर पुन्हा करतात.

'ऊठसूट लिहून देतात' या आरोपाशी मी अंशतः सहमत आहे. ज्या चिठ्ठीवर केवळ 'एनसीव्ही' असे लिहिलेले असते, तिच्यात प्रश्नच नसतो आणि मग उत्तरही धूसर येते. प्रश्न नेमका असेल तर तपासणी करणारा माणूस त्याप्रमाणे नसा निवडतो.

अबोलीताईंच्या सासूबाईंचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे. रात्री मुंग्या येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे हे मनगटात नस दबल्याचे, म्हणजे कार्पल टनेलचे, अगदी ठरीव वर्णन आहे. मधुमेह आणि थायरॉईडची कमतरता असणाऱ्यांत तो अधिक आढळतो. पण जुन्या मधुमेहात सगळ्याच नसा थोड्याफार मंदावलेल्या असू शकतात, मग मनगटातील मंदपणा दाबामुळे आहे की मधुमेहामुळे, हे कसे ठरवायचे? त्यासाठी अनामिकेचा उपयोग करतात. या बोटाला अंगठ्याकडून येणारी नस आणि करंगळीकडून येणारी नस अशा दोन्हींचे तंतू मिळतात. दोघींवर मनगटात सारख्याच अंतरावरून झटका देतात आणि बोटापर्यंतचा वेळ ताडून पाहतात. मधुमेह दोघींना मंद करील, पण मनगटातील बोगद्यातून दोघींपैकी एकच जाते. म्हणून अर्ध्या मिलिसेकंदाचा फरकही बोलका ठरतो. पायांची तपासणी सोबत लिहिली आहे ती मधुमेहाचा वाटा वेगळा काढण्यासाठी असावी, असा माझा अंदाज आहे. चिठ्ठीवर 'कार्पल टनेल की मधुमेही न्यूरोपॅथी (मधुमेहाने नसांना झालेली इजा) की दोन्ही' असा प्रश्न लिहून मागावा.

लक्षणे इतकी स्पष्ट आणि सौम्य असतील तर तपासणीशिवायही रात्री मनगटाला पट्टा बांधून उपचार सुरू करता येतात. सासूबाईंच्या हातातून मात्र वस्तू निसटू लागल्या आहेत, त्यामुळे मी तपासणी टाळणार नाही. शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला तर आधीची मोजमापे हाताशी असणे उपयोगी पडते.

खडीसाखर

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. त्वचेच्या तपासणीबद्दल मला आजवर कोणीही सांगितले नव्हते. अहवालाबरोबर 'या तपासणीत बारीक तंतू पाहिले जात नाहीत' अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न मात्र कायम आहे.

लीड्सकर

येथे ब्रिटनमध्ये नसांची मोजणी बहुधा प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात आणि सुईचा भाग डॉक्टर करतात. मला घरी आलेल्या पत्रात पेसमेकर आहे का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे आधीच विचारले होते. माझ्या डाव्या हाताला सुई नको, असेही मी कळवले होते, कारण स्तनाच्या शस्त्रक्रियेत त्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्यानंतर हाताला सूज राहते. ज्या भगिनींची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांनी हे आपणहून सांगावे. हातमोजे घालून समोर उभ्या असलेल्या व्यक्तीला ते दिसत नाही.

अबोली_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. सुई सहसा दुसऱ्या टप्प्यात असते आणि तीही कदाचित लागणार नाही, हे ऐकून त्या तयार झाल्या आहेत. 'मूठ आवळायची नाही' हे त्यांनी पाठच केले आहे. दोन शंका उरल्या आहेत. ॲस्पिरिन बंद करावे का? आणि डॉक्टरांनी रक्ताच्या ज्या तपासण्या सांगितल्या आहेत त्यांत सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) आहे, ती त्याच दिवशी केली तर चालेल का?

लहरलेख

ॲस्पिरिनसाठी तपासणी सहसा अडत नाही आणि ते आपल्या मनाने बंद करू नये. वॉरफरिनसारखे औषध असेल तर आम्ही रक्त गोठण्याचा ताजा अहवाल पाहतो आणि खोलवरचे स्नायू टाळतो. पेसमेकर असला तरी नेहमीची एनसीव्ही बहुतेक वेळा करता येते, पण ते आधी कळले पाहिजे, म्हणजे छातीच्या आणि यंत्राच्या जवळ झटका दिला जात नाही.

सीपीकेसाठी रक्त तपासणीच्या आधी द्यावे. सुईने स्नायूला सूक्ष्म इजा होते आणि त्यानंतर सीपीके थोडे वाढलेले दिसू शकते. मग ती वाढ आजाराची की सुईची, असा नवाच प्रश्न उभा राहतो. पुढे कधी स्नायूचा तुकडा काढून तपासायचा असेल, तर तोही याच कारणाने सुई न घातलेल्या बाजूचा घेतात.

तपासणीनंतर त्या चालत घरी जाऊ शकतात. ईएमजी झालीच तर एक-दोन दिवस स्नायू दुखेल आणि एखादा निळसर डाग पडेल. जागा लाल होऊन सूज वाढत गेली किंवा ताप आला, तर मात्र दाखवावे.

मोगरा_अंगणातला

धाग्याच्या विषयाला लागूनच विचारते. माझ्या भावाची पापणी संध्याकाळी खाली येते, जेवताना चावून जबडा थकतो. त्याला 'आरएनएस' नावाची तपासणी सांगितली आहे. ती याच यंत्रावर होते का?

निदानवही

होय, यंत्र तेच असते, पण प्रश्न वेगळा असतो. तेथे नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा निरोप टिकतो की ढेपाळतो, हे पाहतात. एकाच नसेला सेकंदाला दोन ते तीन या गतीने ओळीने झटके देतात आणि पहिल्या लहरीच्या तुलनेत चौथी-पाचवी लहर दहा टक्क्यांहून अधिक खाली आली, तर मायस्थेनियाचा, म्हणजे वापराने स्नायू लवकर थकतात त्या आजाराचा, संशय बळावतो. थोडा वेळ स्नायू आवळून व्यायाम करायला सांगतात आणि पुन्हा मोजतात, म्हणून एनसीव्हीपेक्षा हे अधिक कंटाळवाणे वाटते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर ही तपासणी पुष्कळदा सामान्य येते. तेव्हा रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी सोबत करतात.

भावाला पायरिडोस्टिग्मिनची गोळी आधीच सुरू केली असेल तर ती साधारण बारा तास आधी थांबवायला सांगतात, कारण तिच्यामुळे दोष झाकला जातो. मात्र हे ज्यांनी गोळी दिली त्यांनाच विचारून करावे. त्याला गिळताना ठसका लागत असेल, आवाज नाकातून येत असेल किंवा सपाट झोपल्यावर दम लागत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आजच रुग्णालयात न्यावे.